गुन्हा जुनाच राहू द्या

गुन्हेपटांचे दुसरे भाग काढणाऱ्या लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणाशीही माझी ओळख नाही. पण तुमच्या हिशेबात मी असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पहिला भाग आवडला म्हणून दुसऱ्याचं तिकीट डोळे झाकून काढणारा जो कुणी गृहीत धरलेला असतो, तो मीच. पोस्टरवर ओळखीच्या नावापुढे दोनचा आकडा दिसला की परीक्षणं वाचायलाही थांबत नाही. आणि मध्यंतरात बाहेर उभा राहून, क्लायमॅक्सला तरी काहीतरी होईल, अशी स्वतःची समजूत घालतो. बऱ्याचदा काही होत नाही. घरी येताना ‘तसा वाईट नव्हता’ असं म्हणतो. ज्या सिनेमाबद्दल प्रेक्षक ‘तसा वाईट नव्हता’ म्हणतो, त्याचं काय झालेलं असतं हे तुम्हाला सांगायला नको.

मध्यंतरी एक उद्योग केला. ओळीने काही रविवार सकाळी पहिला भाग आणि दुपारी त्याचाच दुसरा भाग, असे जोडीजोडीने सिनेमे पाहिले. सोबत धाकटी बहीण होती. तिने यातले बरेचसे पाहिलेच नव्हते, त्यामुळे माझ्या आठवणींचं ओझं तिच्या डोक्यावर नव्हतं. आमच्यात एक नियम ठरला होता: सिनेमा थांबवून प्रश्न विचारायचे नाहीत, कागदावर लिहून ठेवायचे. तिच्या एका कागदावर दुसऱ्या भागाच्या पहिल्या अर्ध्या तासातच एक प्रश्न तीनदा लिहिलेला सापडला. ‘यांना आता भीती कशाची वाटते?’

हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहितोय.

विनोदी सिनेमातला माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात पडला तरी लोक हसतात. मारधाडीच्या सिनेमात दहाच्या जागी वीस जण उडवले की काम भागतं. गुन्हेपटाचं तसं नाही. त्याच्या गाठीला पुंजी एकच असते, आपल्याला न सांगितलेली गोष्ट. ती शेवटी सांगून टाकली की गाठ सुटली. वर शेवट असाही करून ठेवलेला असतो की पुढे जायला वाट नाही. नायक मेला असेल तर त्याचा भाऊ नाहीतर मुलगा शोधावा लागतो. पकडला गेला असेल तर तुरुंग फोडावा लागतो. निसटला असेल तर नवा, आणखी हुशार पोलीस अधिकारी आणावा लागतो. मागच्याने सोडलेली फाइल तो उघडतो आणि टेबलावर पाय टाकून म्हणतो की मला यात काहीतरी खटकतंय. (हा अधिकारी चष्मा किंवा चहाचा कप यांपैकी एक तरी वस्तू हातात धरूनच का येतो, हे एकदा मला कुणीतरी समजावून सांगा.)

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. नाव लोकांच्या तोंडी बसलेलं असतं, जाहिरातीचं निम्मं काम फुकटात होतं, पैसे लावणाऱ्याला धीर येतो. पण त्या नावाखाली येतं काय? काही वेळा तर नुसतं नावच येतं. ‘सत्या’ 1998 मध्ये आला आणि हिंदी गुन्हेपटाची चालच बदलून गेला. त्यातला सत्या शेवटी मरतो, भिकू म्हात्रे त्याच्याही आधी जातो. 2013 मध्ये ‘सत्या 2’ आला तेव्हा माणसं नवी, गोष्ट नवी. जुनं काय, तर अक्षरं. ‘कहानी 2’ (2016) मध्ये विद्या बालनच आहे, पण बाई वेगळी आणि कथाही वेगळी. तो सिनेमा स्वतःच्या नावाने आला असता तर मी त्याला जास्त माया लावली असती. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. यांना मी दुसरा भाग मानत नाही, तेव्हा पहिल्याच्या तोडीचे आहेत का हा प्रश्नही येत नाही. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’चाही हिशेब वेगळा. तो पाच तासांहून मोठा एकच सिनेमा होता, 2012 मध्ये दोन तुकडे करून दाखवला गेला. एकाच भाकरीचे दोन चतकोर. त्यांची तुलना कसली करायची?

मग खरी तुलना कुठे करायची? सगळे जण करतात तिथेच, ‘गॉडफादर’पाशी, अमेरिकेतल्या एका इटालियन माफिया घराण्याच्या गोष्टीपाशी. 1972 चा पहिला भाग आणि 1974 चा दुसरा. दुसऱ्याला सहा ऑस्कर मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा तो पहिलाच दुसरा भाग. त्यामुळे दुसरा भागही मोठा होऊ शकतो, हे सिद्ध करायला गेली पन्नास वर्षं त्याचंच उदाहरण देतात. तुमच्या बैठकांमध्येही देत असाल. पण तो मोठा का झाला याची चर्चा मात्र ‘बजेट होतं’, ‘नट होते’ इथेच थांबते, म्हणून जरा जवळ जाऊन पाहू.

दोन्ही भाग समारंभाने सुरू होतात. पहिल्यात मुलीचं लग्न. बाहेर उन्हात नाचगाणी, आत अंधाऱ्या खोलीत बाप लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसलेला. दुसऱ्यात नातवाचा धार्मिक विधी. मोठं तळं, मोठा बंगला, मोठा बँड. आळशी लेखकाने इथे तोच प्रसंग जास्त खर्च करून पुन्हा घेतला असता. पण बघा काय केलंय. जुना माणूस पेंटांजेली बँडवाल्यांकडे जातो आणि त्यांना आपली टारंटेला, म्हणजे इटलीकडची नाचाची धून, वाजवायला सांगतो. त्यांना ती येतच नाही. तो बिचारा तोंडाने धून सांगतो, हातवारे करतो, आणि ते दोन-चार सुरांनंतर भलतंच पोरांचं गाणं वाजवायला लागतात. लोक हसतात. त्याआधी सिनेटर व्यासपीठावरून यजमानांचं आडनावच चुकीचं उच्चारतो आणि कुणी दुरुस्त करत नाही. पहिल्या भागातलं लग्न ज्याने पाहिलंय त्याला एका मिनिटात कळतं की पैसा आला, पत्ता बदलला, आणि घर हातातून गेलं. कुणाच्या तोंडी एक वाक्य नाही. बहिणीने कागदावर लिहिलं होतं, ‘या पार्टीत कुणीच कुणाचं नाही.’ सकाळीच पहिला भाग पाहिला होता तिने.

आणि ते दार. पहिल्या भागाच्या शेवटी के, म्हणजे बापाची गादी चालवणाऱ्या मायकलची बायको, दुसऱ्या खोलीत उभी आहे, मायकलचा हात चुंबणारी माणसं तिला दिसताहेत, आणि तिच्या तोंडावर दार लागतं. ते दार मायकल लावत नाही, त्याचा माणूस लावतो. नवऱ्याचं यात काही नाही, असं ती अजून मानू शकते. दुसऱ्या भागात ती मुलांना भेटायला चोरून येते, निघायला उशीर होतो, आणि मायकल समोर येऊन उभा राहतो. एक शब्द बोलत नाही. या वेळी दार तो स्वतः लावतो. तसंच दार, तोंडावर दार लागणारी बाईही तीच. बदलला आहे तो फक्त दार लावणारा हात. मंडळी, दुसऱ्या भागाचं सगळं काम त्या हातात आहे. तुम्ही पहिल्या भागातलं दार उचलून आणता, त्याला सोन्याच्या कड्या लावता, आणि ते पुन्हा त्याच माणसाकडून, फक्त जोरात, आपटवता.

शेवटी तो एकटा बसलेला असतो आणि सिनेमा 1941 मध्ये जातो. बापाचा वाढदिवस, सगळी भावंडं टेबलाभोवती. मायकल सांगतो की मी सैन्यात नाव घातलंय. थोरला भाऊ खवळतो. हात पुढे करून मायकलचं अभिनंदन करणारा एकटा मधला भाऊ, फ्रेडो. आणि हे दृश्य येतं कधी? मायकलच्या हुकमावरून फ्रेडोला तळ्यातल्या होडीत गोळी घातली गेल्यावर. अभिनंदनाचा तो हात पाहून माझ्या पोटात गोळा आला आणि मी हा सिनेमा चौथ्यांदा पाहत होतो.

इथे मला जे म्हणायचंय ते येतं. हा दुसरा भाग नवा मोठा गुन्हा शोधत बसत नाही. क्युबा आहे, चौकशी समिती आहे, डाव-प्रतिडाव आहेत. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे डाव मला आजही नीट उलगडत नाहीत आणि त्याने काही बिघडत नाही. तो पहिल्या भागातल्या गुन्ह्याचं व्याज मोजतोय. घर वाचवायला म्हणून जे केलं, त्याने घर किती खाल्लं, एवढाच त्याचा हिशेब. बाप तरुणपणी कसा वर चढला ते शेजारीच दाखवतात, म्हणजे मुद्दल किती होतं तेही समोर राहतं.

मला विचाराल तर आजही पहिलाच भाग जास्त आवडतो. कधीही लावावा, कुठूनही पाहावा. दुसरा लावण्याआधी मनाची तयारी करावी लागते. पण तोडीचा आहे का, याचं उत्तर आवडण्यात नसतं. दुसरा पाहिल्यावर पहिला पुन्हा पाहिला, तर तो बदललेला दिसतो का? इथे दिसतो. त्या पहिल्या लग्नात फ्रेडो नशेत झोकांड्या खात मायकलशी लाडात बोलतो. ते पूर्वी गमतीचं वाटायचं, आता बघवत नाही.

उलट उदाहरणही त्याच जातकुळीतलं घेऊ. ‘सिकारियो’ 2015 चा. त्यात अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्धच्या एका गुप्त मोहिमेत ओढली गेलेली केट नावाची एफबीआयची अधिकारी आहे. तिला कुणी काही धड सांगत नाही, आणि आपणही तिच्याइतकेच अंधारात असतो. शेवटी त्या मोहिमेतला मारेकरी अलेहांद्रो तिच्या घरात घुसतो, सगळं नियमानुसार झालं अशा कागदावर पिस्तूल रोखून तिची सही घेतो आणि निघून जातो. ती सज्जात येते, त्याच्यावर नेम धरते. तो वळून उभा राहतो. तिला गोळी झाडता येत नाही. 2018 मध्ये दुसरा भाग आला, लेखक तोच, टेलर शेरिडन. दिग्दर्शक बदलला, छायाचित्रणकार बदलला, ते चालतं. पण केटच नाही! सही करणारी, नेम धरून हात खाली घेणारी बाईच गोष्टीतून काढून टाकली. मागे उरले अलेहांद्रो आणि त्याचा साथीदार, ज्यांना पहिल्या भागात आपण भ्यायलो होतो, आणि आता त्यांनाच नायक समजून त्यांच्या पाठी पळा, असं आपल्याला सांगितलं जातं. गोळीबार उत्तम आहे. एक-दोन प्रसंग श्वास रोखायला लावतात. पण बहिणीचा तीनदा लिहिलेला प्रश्न याच सिनेमातला. यांना भीती कशाची वाटते? कशाचीच नाही. मग मला तरी का वाटावी?

आता आपल्या जवळच्या सिनेमाकडे येतो, कारण त्यावर माझी सगळ्यांशी भांडणं झाली आहेत. ‘दृश्यम’. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम सिनेमा 2013 चा, त्याचा दुसरा भाग 2021 मध्ये थेट ओटीटीवर आला. हिंदीत पहिला भाग 2015 मध्ये निशिकांत कामत यांनी केला. 2020 मध्ये ते गेले, आणि 2022 चा दुसरा भाग अभिषेक पाठक यांनी केला. ज्यांनी अजून पाहिलेले नाहीत त्यांनी पुढचे काही परिच्छेद गाळावेत. पुढे सगळं फोडणार आहे.

पहिल्या भागाची खरी जादू कशात होती? नायकाच्या मुलीच्या हातून चुकून मेलेल्या मुलाचं प्रेत कुठे पुरलं, त्यात नव्हती. ती शेवटची चपराक, झकास आहे, पण जादू आधीच होऊन गेलेली असते. विजय साळगावकर चौथी नापास, केबलचा धंदा करणारा, रात्रंदिवस सिनेमे पाहणारा. तो खोटे साक्षीदार विकत घेत नाही. घडून गेल्यावर कुटुंबाला घेऊन त्याच जागी जातो, त्याच बसमध्ये बसतो, त्याच हॉटेलात जेवतो, आणि दोन तारखेला आपण इथेच होतो असं लोकांच्या कानावर घालत राहतो. बिचारा कंडक्टर, बिचारा हॉटेलवाला. ते खोटं बोलतच नाहीत, त्यांना खरंच तसं आठवतं! तारीख तेवढी सरकलेली असते. हे पाहताना मनात येतं की हे मलाही जमलं असतं. हातातल्या साध्या वस्तू, तिकिटं, बिलं, आणि चित्र डोक्यात ठसतं ही सिनेमातून मिळालेली एक अक्कल. म्हणून आपण त्याचे साथीदार होतो. शेवटच्या क्षणी, पोलीस ठाण्याच्या फरशीखाली काय आहे हे त्याच्याखेरीज फक्त आपल्याला कळतं, तेव्हा तर आपणही सही करून बाहेर पडल्यासारखे वाटतो.

दुसऱ्या भागाची सुरुवात म्हणजे या विषयावर वर्ग घ्यावा अशी आहे. पहिल्या भागातल्या त्याच रात्री, विजय त्या ठाण्यातून बाहेर पडत असताना, दुसराच एक खुनी जीव घेऊन पळतोय आणि लपल्या जागेवरून त्याला पाहतो. म्हणजे आपल्याला जो शेवट वाटला होता त्याच चौकटीत, कोपऱ्यात, एक माणूस उभा होता. नवं काही आणलं नाही. जुन्याच दृश्यात एक डोळा वाढवला. वा! मी खुर्चीत सरसावून बसलो.

पुढचा अर्धा सिनेमाही मला पहिल्याच्या तोडीचा वाटतो, आणि इथे माझ्याशी भांडणाऱ्यांना सांगतो की हा भाग संथ नाही. सात वर्षं गेलीत. पडद्यावरही सात आणि आपल्या आयुष्यातही सातच. थोरली मुलगी पोलिसांची गाडी दिसली की थरथरते. बायको घरात वावरताना कान टवकारून वावरते. आधी विजयच्या बाजूने असलेले गावकरी आता पाठीमागे कुजबुजतात. शेजारी राहायला आलेलं, सतत भांडणारं जोडपं पोलिसांचंच निघतं. बायकोने ज्या बाईपाशी मन मोकळं केलं, ती मैत्रीण म्हणजे कान लावलेली भिंत. त्या क्षणी तिचा चेहरा पाहा. हे व्याज. पहिल्या भागात ही माणसं सुटली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या होत्या, आणि ती सुटलेलीच नाहीत.

आणि मग उत्तरार्धात घोडं पेंड खातं. विजयने काय काय करून ठेवलंय म्हणून सांगू? कथा लिहून घेतली, तिची कादंबरी केली, शवागाराच्या रखवालदाराशी दोस्ती केली, भलत्याच कुणाचा तरी सांगाडा मिळवून ठेवला, वेळ येताच अदलाबदल केली. एकेक पत्ता पडतो तशा थिएटरात शिट्ट्या पडतात, मीही वाजवल्या, नाकारत नाही. पण घरी येऊन विचार करायला लागलो तर पायाखालची फरशीच हलली. पहिल्या भागातला विजय घाबरलेला होता आणि घाबरलेल्या माणसाला जेवढं सुचेल तेवढंच त्याला सुचलं. दुसऱ्यातला विजय सर्वज्ञ आहे. पोलीस काय करतील, कधी करतील, कोणत्या टेबलावर काय ठेवतील, हे त्याला वर्षानुवर्षं आधी ठाऊक. पहिल्या भागात लेखकाने आपल्यापासून एकच पान झाकून ठेवलं होतं, इथे अख्खा गठ्ठा काखेत लपवला. साथीदार होतो, आम्हाला पुन्हा प्रेक्षकांत नेऊन बसवलं. आणि जो माणूस सगळं आधीच ओळखून बसलाय त्याच्या घरातली मुलगी थरथरते, तिला हा एकदाही का सांगत नाही की बाळ, मी सगळी सोय केली आहे? ज्या भीतीवर पूर्वार्ध उभा होता, तिचंच उत्तरार्धाने हसं केलं. याला कुणी उत्तर दिलं की ‘तिला माहीत नसणं गरजेचं होतं’, तर मी म्हणतो, मग तो सिनेमा तुम्ही करायचा होतात. स्वतःच्या मुलीला सात वर्षं भीतीत ठेवणाऱ्या बापाचा. तो पहिल्याहून मोठा झाला असता.

तरी सोडवत नाही. शेवटी मुलाच्या अस्थी आईवडिलांपर्यंत पोहोचतात, तिथे लेखकाला स्वतःच्या गोष्टीची पुन्हा आठवण झाली असं वाटतं. बहिणीला मात्र उत्तरार्धच जास्त आवडला. तिचं म्हणणं, ‘दादा, तू हिशेब बघायला जातोस, लोक जादू बघायला जातात.’ असेलही. मी कागदावर लिहून ठेवलंय.

बाकीच्या जोड्यांबद्दल थोडक्यात. ‘फ्रेंच कनेक्शन’ (1971) ज्यांनी पाहिलाय त्यांना तो शेवट आठवत असेल. पडक्या इमारतीत डॉईल हा पोलीस अंधारात गोळी झाडतो, मरतो तो आपलाच माणूस, आणि तरीही तो थांबत नाही, पुढे अंधारात जातो. पुन्हा एक गोळी वाजते. संपलं. ज्याच्या पाठी सिनेमाभर धावला तो निसटला, एवढंच पडद्यावर लिहून येतं. 1975 च्या दुसऱ्या भागात डॉईल मार्सेला जातो आणि त्या माणसाला गाठतोच. म्हणजे ज्या न सापडण्यामुळे पहिला सिनेमा डोक्यातून जात नव्हता, ते न सापडणंच मिटवून टाकलं. गंमत म्हणजे त्याच सिनेमाच्या मध्यात एक लांबलचक भाग आहे. शत्रू त्याला डांबून हेरॉइनची सवय लावतात, आणि मग पोलीस कोठडीत ती सवय सुटताना डॉईल झालेला जीन हॅकमन जे काही करतो, ते पाहून वाटतं की याच्यासाठी दुसरा भाग काढला असेल तर ठीकच केलं. आयुष्यभर ज्या मालाच्या मागे धावला तोच रक्तात. पुन्हा व्याजच.

हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’ने (2002) पुढच्याच वर्षी मागे जाण्याची वाट धरली. दुसरा भाग पहिल्याच्या आधीचा. त्यात कोण मरणार आणि कोण जगणार हे आपल्याला आधीच माहीत, पहिल्या भागातले दोन्ही बडे नट नाहीत, आणि तरी तो रंगतो. पोलिसांत घुसवलेला गुंड आणि गुंडांत घुसवलेला पोलीस, दोघे अजून पोरसवदा आहेत आणि त्यांना अजून मागे फिरता आलं असतं. आपल्याला ते कळतं, त्यांना नाही. रहस्य खर्च झालं तरी सिनेमा चालतो, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

आणि ‘ट्रेनस्पॉटिंग’. मित्रांना फसवून पैसे घेऊन पळालेला रेंटन वीस वर्षांनी, 2017 मध्ये परत येतो. तेच नट, खरोखर वीस वर्षांनी थोराड झालेले. तो एका मित्राच्या हातात त्याच्या वाट्याचे चार हजार पौंड ठेवतो. मुद्दल फेडलं की झालं, असं त्याला वाटतं. तो मित्र इतका भडकतो! बरोबरच आहे त्याचं. पहिल्यात जो वेग होता, जी बेफिकिरी होती, ती दुसऱ्यात नाही. म्हणून तो पडला असं म्हणणारे बरेच भेटले. मला तर तो वेग नसणं हाच त्याचा विषय वाटला.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या वेळी दुसऱ्या भागाच्या बैठकीला बसाल तेव्हा ‘या वेळी मोठं काय करायचं’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. पहिल्या भागाचा शेवटचा प्रसंग लावा आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठवा. मेलेल्याची बायको काय करतेय, ज्याने खोटी साक्ष दिली तो झोपतोय का, ज्या पोलिसाची बदली झाली तो मुलांशी कसा वागतो. शिळ्या कढीला ऊत आणण्यापेक्षा यातून जास्त हाताला लागेल. जर सगळे मजेत असतील, तर कृपा करून दुसरा भाग काढू नका. आम्ही पहिलाच पुन्हा पाहू, तुम्हाला कुणी नाव ठेवणार नाही.

आणखी एक, बारीक पण रोजच्या त्रासाची गोष्ट. दुसऱ्या भागाच्या पहिल्या दहा मिनिटांत नवरा बायकोला सांगतो की ‘तुला तर माहीतच आहे, सात वर्षांपूर्वी आपल्या मुलीच्या हातून चुकून...’ अहो, तिला माहीतच आहे तर सांगता कशाला? आम्हालाही माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याच्या शेजारी आमच्यासारखा कुणीतरी बसलेला असतो आणि तो आनंदाने, आजूबाजूच्यांच्या शिव्या खात, कानात सगळं सांगतो. ते काम आमच्याकडे राहू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पहिल्या भागाचा एक प्रेक्षक

ता. क. हे पत्र लिहून होईपर्यंत बहिणीने ‘गॉडफादर’चा 1990 चा तिसरा भाग एकटीनेच पाहून टाकला, आणि मग दिग्दर्शकाने 2020 मध्ये त्याचंच पुन्हा संकलन करून नव्या नावाने आणलेली आवृत्तीही पाहिली. तीस वर्षांनी पुन्हा कात्री घेऊन बसायला लागलं म्हणजे त्या माणसालाही झोप लागत नसणार, असं तिचं मत पडलं. तिच्या कागदावर या वेळी एकच ओळ होती, ‘फ्रेडोचं नाव अजून निघतंय.’